खाजणात रुतलेला डंपर: वडाळा-माहुलकडच्या एका साइटवरचं प्रकरण

नावं, कंपनी, साइटचं नेमकं ठिकाण मुद्दाम गाळलंय, बाकी जसं झालं तसं लिहितोय. चूक कुणाची हे वाचताना शोधत बसू नका. माझी होती, आत्ताच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

वडाळा ते माहुल या पट्ट्यात नाल्याला लागून आमचं काम चालू होतं, नाल्याची भिंत आणि तिच्यामागे एक छोटं पंपघर. मी साइट इंजिनिअर, नोकरीला तिसरं वर्ष. सुपरवायझर म्हणजे तात्या, वय साठीकडे झुकलेलं, सगळं आयुष्य पूल आणि धक्क्यांच्या कामात गेलेलं, डिग्री नाही पण कुठल्याही खड्ड्यात डोकावून खाली काय लागेल ते सांगणारा माणूस. हाताखाली बारा-पंधरा लेबर, एक जेसीबी, आणि स्टोअरला सहा लोखंडी प्लेटा. या प्लेटा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

त्या भागातली जमीन ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. हा सगळा खाडीकाठ मुळात खाजण आणि मिठागरं. मुंबईचा बराच भाग भराव टाकून केलाय हे आपण शाळेत वाचतो पण ते पायाखाली कळत नाही. आमच्या साइटवर वर दीड-दोन फूट डेब्रिज, म्हणजे पाडलेल्या बिल्डिंगांच्या विटा, प्लास्टर, टाइल्सचे तुकडे, आणि त्याच्या खाली काळपट निळी खाडीची माती, कित्येक मीटर खोल. ही माती हातात घेतली तर लोण्यासारखी, वास कुजलेल्या अंड्याचा. शिवडी-माहुलच्या चिखलावर फ्लेमिंगो उभे राहतात ना, तीच ही. फ्लेमिंगो दोन-तीन किलोचा असतो, त्याला चालतं.

उन्हाळ्यात वरचा थर वाळून असा कडक होतो की त्यावर क्रिकेट खेळता येईल. पोरं खेळायचीच.

दिवस होता वटपौर्णिमेनंतरचा तिसरा. आदल्या रात्री पहिला दणकून पाऊस झालेला, दोन-अडीच तास. सकाळी लख्ख ऊन. मला वाटलं वाळलं असेल वरचेवर.

नेमकं काय झालं

सकाळी आठ-वीसला गेटवर खडीचा डंपर आला. दहा चाकी, चार ब्रास वीस एमएमची खडी. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, खडीचा भरला तर सव्वाचार टनांच्या आसपास जातो, म्हणजे सतरा टन माल आणि अकरा टन गाडी, एकूण अठ्ठावीस. २०१८ मध्ये केंद्राने अॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली त्यानंतर तीन अॅक्सलच्या गाडीला हे वजन कायद्यात बसतं, त्यामुळे ओव्हरलोडचा प्रश्न नव्हता. गाडी नियमातच होती, फक्त जमिनीला नियम माहीत नव्हता.

आमचा आतला पक्का रस्ता, मुरूम टाकून दाबलेला, तो त्यावेळी अडलेला. काँक्रीटचा मिक्सर उभा, पंप लावलेला, ओतकाम चालू, अजून दीड तास तरी हलणार नव्हता. डंपरला गेटबाहेर थांबवायचं तर रस्त्यावर उभं राहिलं की ट्रॅफिकवाला येणार, आणि गर्दीच्या वेळेला जड गाड्यांना बंदी, आधीच ड्रायव्हरमामा घाईत. मी हात दाखवला, म्हणलं डावीकडून कंपाउंडच्या कडेने आणा.

मामा खाली उतरले. नगरकडचे, पन्नाशीचे. टाचेने जमीन दाबून बघितली आणि म्हणाले, "साहेब, वरून बरी दिसतीय, आतून काय भरवसा वाटत नाय."

मी म्हणलं, "मामा, काल संध्याकाळी जेसीबी इथूनच गेलाय."

हे वाक्य मी नंतर कितीतरी वेळा डोक्यात परत ऐकलंय. जेसीबी आठ टनाच्या आतला. तो गेला तेव्हा पाऊस पडलेला नव्हता. आणि मी ज्याला पुरावा म्हणून वापरत होतो तो पुरावा नव्हताच, सोय होती.

गाडी साठ-सत्तर फूट आत गेली आणि मागची डावी चाकं बसली. आवाज वगैरे काही नाही, नुसतं बसली, म्हैस पाण्यात बसते तशी. डावीकडे नाला, त्यामुळे कलली पण नाल्याकडेच.

पहिला तास

या तासाचं मी नीट लिहिणार आहे कारण पुढचे चार तास जे निस्तरावं लागलं त्यातलं अर्धं याच तासात तयार झालं.

गाडी बसली तेव्हा मागची चाकं फार तर फूटभर आत होती. मामांनी रिव्हर्स टाकला, चाक फिरलं. पुढे घेतली, फिरलं. मग आपल्याकडे जे होतं ते झालं, दहा जण गोळा झाले आणि प्रत्येकजण रेस दे रेस दे ओरडायला लागला. कुणीतरी शटरिंगचं जुनं प्लाय आणून चाकाखाली सारलं, चाकाने ते बिस्किटासारखं मोडून खाली घेतलं. दुसरं घातलं, तेही गेलं. प्रत्येक वेळी रेस दिली की चाक दोन-तीन इंच आणखी खाली, आणि जोडचाकांच्या मधे चिखल गच्च भरून दोन्ही टायर मिळून एकच गुळगुळीत रोलर झाला. मग चाक फिरतं पण पकडायला काही उरत नाही. दहा-बारा वेळा असं झाल्यावर मागचं हाऊसिंग, म्हणजे अॅक्सलचं लोखंडी कवच, चिखलाला टेकलं. तिथून पुढे चाकावर वजनच नाही, गाडी पोटावर बसलेली.

मग मी जेसीबी बोलावला आणि पुढून ओढायला लावला. इथे दोन चुका एकदम केल्या. एक म्हणजे पुढे, म्हणजे जिकडे जमीन अजून बघितलेलीच नव्हती तिकडे, नाल्याच्या आणखी जवळ. जिकडून आली तिकडची साठ फूट जमीन निदान तिने एकदा तरी झेललेली होती. आणि दुसरं म्हणजे ऑपरेटरने जो वायर रोप आणला तो मी बघितला पण नाही. जागोजागी तारा सुटलेल्या, हाताला टोचणाऱ्या, असा जुना रोप, तो त्याने सरळ बंपरला अडकवला.

जेसीबीने झटका दिला. बंपर वाकला, दुसऱ्या झटक्याला रोप तुटला. तुटलेलं टोक परत येऊन पाण्याच्या निळ्या ड्रमवर बसलं आणि ड्रम उभा फाटला, कोयत्याने कलिंगड कापल्यासारखा. दोन मिनिटांपूर्वी तिथे क्लीनर पोरगा उभा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. तो मामांसाठी चहा आणायला गेला म्हणून नव्हता.

सगळे गप्प झाले. ड्रममधून पाणी भळाभळा वाहत होतं ते संपेपर्यंत कुणी बोललं नाही.

तात्या तोपर्यंत ओतकामावर होते. ते आले, रोपचं टोक उचलून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि फक्त एवढंच म्हणाले, "सगळ्यांना लांब कर. आणि गाडी बंद कर. आता अर्धा तास कुणी काही करणार नाही." वाजले होते पावणेदहा.

मला अजूनही वाटतं की त्या दिवसातला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

भरतीचं गणित

आमचा रात्रीचा वॉचमन माहुलच्या कोळीवाड्यातला. त्याची ड्युटी आठलाच संपली होती पण गंमत बघायला थांबलेला. तो जवळ येऊन म्हणाला, "साहेब, पाणी किती वाजता येनार ते बघितलंव का?"

मी नाही बघितलेलं. माझ्या डोक्यात फक्त चिखल होता. त्याने बोटांवर मोजलं, वद्य तृतीया, तीनाचे पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला पूर्ण भरती. ही जुनी रीत, तिथीला पाऊणने गुणलं की मुंबईतली भरतीची वेळ जवळपास निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमाराला. मी मोबाइलवर तपासलं तर दहा-बारा मिनिटांचाच फरक. आणि पौर्णिमा होऊन तीनच दिवस, उधाण अजून उतरलेलं नाही. वॉचमन म्हणाला, नाल्यात पाणी भरतीच्या दीड तास आधीच उलटं आत यायला लागतं, तुमच्या गाडीखाली एकपर्यंत दिसेल.

म्हणजे हातात तीन तास. त्यानंतर ती निळी माती पाणी पिणार आणि नाल्याकडे कललेल्या गाडीखालची कड ढासळली तर मग बोलायलाच नको.

पर्याय

तात्या, मी, मामा आणि ऑपरेटर, चौघं सावलीत बसून बोललो. गाडीमालक शेठ फोनवर, स्पीकर लावून.

पहिला पर्याय मामांचाच आणि शेठचाही, हौदा उचलून खडी तिथेच ओतून टाकायची. पाच मिनिटांचं काम, गाडी हलकी. ऐकायला एकदम बरोबर. मी स्पिरिट लेव्हल आणून चासीवर आडवी धरली आणि टेपने मोजलं, एक मीटरमागे नऊ सेंटीमीटर कल, म्हणजे पाच अंशांच्या आसपास, डावीकडे. डंपरचा हौदा मागे बिजागरीवर असतो, पुढून उचलला जातो. उचलताना सतरा टन माल दहा-बारा फूट हवेत जातो, वर रात्रीच्या पावसाने ओली खडी एकसारखी सुटत नाही, एका बाजूला चिकटून राहते. कललेल्या गाडीत तो भार डावीकडेच जाणार. शिवाय घसरताना सगळं वजन आधी मागच्या अॅक्सलवर येतं, जो आधीच खाली गेलाय. सपाट जागेवर सुद्धा डंपर असे उलटतात. शेठ म्हणाले, "अहो काही नाही होत, आमच्या गाड्या रोज खाली होतात." तात्यांनी फोन हातात घेतला, "शेठ, तुमच्या गाड्या रोज रस्त्यावर खाली होतात. ही नाल्यात खाली होईल." शेठ गप्प.

दुसरा, हायड्रा, म्हणजे चाकांवरची छोटी क्रेन, बोलवायची. ती बोलावली पण होती मी, साडेनऊला घाबरून. आली, गेटशी उभी राहिली, ऑपरेटर उतरून जमीन बघून गेला आणि म्हणाला मी आत येणार नाही, मीच बसेन. बरोबर होतं त्याचं. हायड्राची ताकद जवळच्या उचलीला असते, बूम, म्हणजे तिचा हात, जितका लांब तितकी ती कमी, आणि तिला उभं राहायला कडक जमीन लागते. आमच्याकडे नेमकं तेच नव्हतं.

तिसरा पोकलेन, म्हणजे पट्ट्यांवर चालणारं खोदायचं मशीन. शेजारच्या साइटवर, अर्ध्या किलोमीटरवर, एक वीस टनी पोकलेन होता. पोकलेन वीस टनाचा असून बुडत का नाही, हे मला तात्यांनी तिथे जमिनीवर काडीने काढून समजावलं. ट्रकच्या टायरमधे हवा शंभर-एकशेदहा पौंड, आणि टायर जमिनीवर साधारण तेवढाच दाब देतो, चौरस सेंटीमीटरला साडेसात किलोच्या घरात. पोकलेनचे पट्टे लांबरुंद, त्यामुळे तोच दाब अर्ध्या किलोच्या आसपास, चालणाऱ्या माणसाच्या एका पायाखाली असतो जवळपास तेवढाच. वजन महत्त्वाचं नाही, ते किती जागेवर पसरलंय ते महत्त्वाचं. (मी हे कॉलेजात सॉइल मेकॅनिक्समधे शिकलो होतो. परीक्षेत लिहिलं पण होतं.)

चौथा, पोकलेन येईपर्यंत काही न करणं. पाचवा, जेसीबीच्या मागच्या बकेटने हौद्यातली खडी उपसून काढणं.

इथे शेठचं आणि माझं वाजलं. शेठ म्हणत होते पोकलेन येतोय ना, मग भरलेलीच ओढा, खडी काढण्यात वेळ आणि डिझेल का घालवता, वर ती मातीत मिसळली तर पैसे कोण देणार. मी हिशेब केला. लष्करात फसलेल्या गाड्या काढणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे, चाकापर्यंत रुतली तर गाडीच्या एकूण वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत गेली तर दुप्पट. आमची चाकापर्यंत, म्हणजे अठ्ठावीस टन ओढ. वीस टनी पोकलेनची ओढायची ताकद अठराच्या आसपास, ती पण चांगल्या जमिनीवर. म्हणजे भरलेली गाडी निघतच नव्हती, कितीही डिझेल जाळा. तीन ब्रास काढले तर उरते पंधरा-सोळा टन. त्यात चाकांपुढची माती खणून उतार दिला, मामांनी आतून थोडी रेस दिली, तर जमेल.

शेठला हा आकडा फोनवर दोनदा सांगितल्यावर ते म्हणाले, "काढा मग, पण लिहून ठेवा तुम्ही काढायला लावली म्हणून." ठेवलं. साइट डायरीत, वेळेसकट.

काय केलं

सव्वादहाला सुरुवात. जेसीबी उजव्या बाजूला, जिथे जमीन जरा बरी होती तिथे, पायांखाली दोन प्लेटा टाकून उभा केला. आठ बाय चारची वीस एमएम प्लेट साडेचारशे किलोच्या वर भरते, हाताने हलत नाही, साखळीने बकेटला अडकवून आणावी लागते.

ऑपरेटरने पहिली बकेट जवळची घेतली, म्हणजे उजवीकडची. तात्या ओरडले. मला आधी कळलं नाही का ओरडले. मग ट्यूब पेटली, उजवीकडचा माल काढला तर डावी बाजू आणखी जड आणि गाडी अजून नाल्याकडे. आधी लांबची, डावीकडची काढायची, मग मधली, उजवीकडची शेवटी. ऑपरेटरला हात लांबवून काम करावं लागलं, वैतागला, पण केलं. मागची बकेट पाव घनमीटरची, तीन ब्रास म्हणजे साडेआठ घनमीटर, तेहतीस-चौतीस बकेटा झाल्या. मी मोजत बसलो होतो कारण दुसरं काही करायला मला कुणी सांगत नव्हतं.

खडी कुठे टाकायची हे तात्यांनी ठरवलं आणि ते मला कधी सुचलं नसतं. गाडीच्या मागे, ती ज्या चाकोरीने आली त्याच चाकोरीत. म्हणजे जो माल गाडीला खाली ओढत होता तोच तिच्या वाटेत पसरला. लेबरने फावड्याने सारखी केली, जेसीबीने बकेटच्या पाठीने थोपटली.

त्याचवेळी आठ जण चाकांशी. फावडी, घमेली, पहारी. हाऊसिंगच्या खालची माती आडवं पडून हाताने ओढून काढायला लागली, कारण तिथे फावडं जात नाही. त्याआधी गाडीचं इंजिन बंद, चावी तात्यांच्या खिशात, पुढच्या चाकांना दगडांची ओट, आणि जेसीबी थांबलेला. एकजण खाली असेपर्यंत जेसीबी हलणार नाही हे तात्यांनी ऑपरेटरला हिंदीत दोनदा आणि नजरेने एकदा सांगितलं. जोडचाकांमधली माती पहारीने खुपसून खुपसून काढली, ती अशी घट्ट की पहार बाहेर काढताना फट् आवाज यायचा. मागच्या चाकांच्या मागे उतार खणला, घसरगुंडीसारखा, आणि उतारावर उरलेल्या चारपैकी दोन प्लेटा तिरक्या सारल्या, कड थेट टायरला टेकवून.

टायरमधली हवा कमी करायचं मी सुचवलं, पसारा वाढतो म्हणून. मामा नको म्हणाले, अजून माल आहे आत, जोडचाकं एकमेकाला घासतील, आणि हवा भरायला तुमच्याकडे काय आहे. काही नव्हतं. सोडून दिलं.

पोकलेन मिळवण्यात मात्र वेळ गेला. त्यांचा मॅनेजर म्हणाला आमच्या शेठला विचारा, त्यांचे शेठ जेवायला बसलेले, आमच्या कंपनीच्या साहेबांनी फोन केला, मग ते म्हणाले डिझेल तुमचं आणि ऑपरेटरला वेगळं. साडेबाराला निघाला. पट्ट्यांवर चालतो तो, डांबरी रस्त्यावरून आणता येत नाही, रस्ता उखडतो, म्हणून खाजणाच्या कडेकडेने आला, बैलासारखा सावकाश.

तो दिसला तेव्हाच नाल्यात पाणी उलटं वाहायला लागलं होतं. प्लास्टिकच्या पिशव्या खाडीकडून आत येत होत्या. एकला पाच मिनिटं असताना डाव्या चाकाच्या खड्ड्यात खालून पाणी झिरपलं, वरून नाही, खालून. काळं, वर तेलाचा तवंग.

बाहेर काढताना

नवीन रोप स्टोअरमधून काढला, वीस एमएमचा, धड असेल तर पंचवीस टनांच्या आसपास तुटतो. तात्यांनी तो दुहेरी केला. बंपरला नाही, मागच्या चासीच्या आडव्या मेंबरला डी-शॅकलने. आणि पोकलेनच्या बकेटला नाही तर खालच्या फ्रेमला, कारण बूमने ओढायला गेलं की ऑपरेटर झटके देतो. रोपच्या मधोमध चार ओली गोणपाटं टाकली, तुटलाच तर उडू नये म्हणून. दोरीने गोल आखून सगळ्यांना बाहेर काढलं, रोपच्या लांबीच्या दीडपट लांब. क्लीनर पोरग्याला तात्यांनी गेटवर पाठवून दिलं, काही काम नसताना.

झटका नाही. आधी रोप ताणला, थांबले, पोकलेन एक पाऊल, थांबले. मामा केबिनमधे, रिव्हर्स गियर, रेस जवळजवळ नाहीच. दोन मिनिटं काहीच झालं नाही, पोकलेनचे पट्टे जागच्या जागी वळवळले. मला वाटलं गेलं. मग गाडीच्या खालून एक लांब, ओला, घाणेरडा आवाज आला, चिखलाने सोडल्याचा. भरतीचं पाणी चाकापर्यंत आलं होतं त्याने मातीची पकड सुटायला मदत झाली असेल असं वॉचमनचं मत. पंधरा मिनिटं आणखी उशीर झाला असता तर त्याच पाण्याने उलटं केलं असतं असं तात्यांचं. दोघांचंही खरं असू शकतं.

चाक प्लेटवर चढलं, प्लेट सरकली, दुसरं चढलं, आणि मग खडीवर. एक-पन्नासला गाडी मुरमावर. कुणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. मामा खाली उतरले, चाकाजवळ उकिडवे बसले आणि टायरवरून हात फिरवत राहिले.

निष्पत्ती

गाडीचं नुकसान: बंपर, मागच्या आतल्या टायरची बाजू कापलेली, हवेचा एक पाइप फाटलेला. ब्रेकच्या ड्रममधे चिखल गेलेला, मामा म्हणाले धुऊन मेकॅनिकने बघितल्याशिवाय मी रस्त्यावर काढणार नाही. शेठ फोनवर कुरकुरले, मामा हलले नाहीत. २०२३ च्या ऑक्टोबरात पालिकेने धुळीचे नियम काढले तेव्हापासून गेटवर चाकं धुवायची सोय ठेवावी लागते, तो पंप पहिल्यांदाच मनापासून वापरला गेला. गाडी रात्री नऊनंतर निघाली.

आमच्याकडे एक ब्रास खडी मातीत गेली, हायड्राचं येण्याजाण्याचं भाडं फुकट, पोकलेनचं डिझेल, आणि निम्मं लेबर दिवसभर तिथेच. टायरचे पैसे कंपनी आणि शेठ यांच्यात अर्धे-अर्धे ठरले, तीन आठवडे भांडून.

या हिशेबाच्या कागदात मामा कुठेच नव्हते. त्यांना पैसे फेरीवर मिळतात, त्या दिवशी दोन फेऱ्या बुडाल्या. हे माझ्या लक्षात आलं नाही, तात्यांनी काढलं, साहेबांसमोर, सगळ्यांच्या देखत. मग व्हाउचरवर "किरकोळ" मधे टाकून दिले.

पुन्हा वेळ आली तर

गेटवर थांबवलं असतं. ट्रॅफिकवाल्याने पावती फाडली असती तर फाडली असती, किंवा गाडीला ट्रक टर्मिनलकडे फिरवून दहाला बोलावलं असतं. दीड तास वाचवायला गेलो आणि साडेपाच घालवले.

जमीन बघायची तर बारा एमएमची सळई घेऊन उभं राहून अंगाच्या वजनाने दाबायची, दर दहा फुटांवर. आम्ही नंतर त्या पट्ट्यात केलं, सात ठिकाणांपैकी पाच ठिकाणी सळई दीड फुटानंतर आपोआप गेली, लोण्यात सुरी. पाच मिनिटांचं काम. आता पावसाळ्यात रोज सकाळी करतो, लेबर हसतात.

गाडी बसली त्या क्षणी, फूटभरच रुतलेली असताना, दोन प्रयत्नांनंतर थांबायला हवं होतं. तेव्हा मागून नुसतं खणून, एक ब्रास काढून, कदाचित जेसीबीनेच निघाली असती. कदाचित. यावर तात्यांचं आणि माझं एकमत नाही, ते म्हणतात जेसीबी कधीच नाही.

पोकलेनचा फोन साडेनऊलाच हायड्राच्या आधी करायला हवा होता. दुसऱ्याच्या मशीनला नेहमी वाटतं त्यापेक्षा दोन तास जास्त लागतात, कारण मशीन नाही, माणसं विचारावी लागतात.

आणि खराब रोप. त्या दिवशी संध्याकाळीच तात्यांनी स्टोअरमधले सगळे जुने रोप गॅसकटरने फूट-फूटभर कापून भंगारात टाकले. नुसते बाजूला ठेवले असते तर कुणीतरी परत आणले असतेच.

एक राहिलं. उतारावर सारलेल्या दोन प्लेटांपैकी एक गाडी चढताना मागे सरकली आणि खाली गेली. संध्याकाळी ओहोटीला शोधली, सळई खुपसून खुपसून, लागली नाही. स्टोअरकीपर दर महिन्याला रजिस्टर घेऊन येतो, प्लेटा सहा लिहिल्यात आणि पाचच आहेत, सही करा म्हणतो. मी शेऱ्यात लिहितो, "एक नग साइटवर वापरात."